बर्फात पुरलेले चोवीस ट्रे

वेंडेल टॉरस्टाडने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी स्वयंपाकघराचा ताबा घेतला, तो मोजपट्टी हातात घेऊन.

ताबा घ्यायची वेळ आली, कारण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची बायको मार्लिस टपालपेटीपाशी बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही असं बजावलं. घरात माणसं तीन. वेंडेल, मार्लिस आणि मार्लिसचे वडील हॅल्वर. वय एकोणनव्वद, दात स्वतःचे आणि मतंही स्वतःची. बाहेर पारा उणे वीसवर, अंगणात कमरेएवढा बर्फ, आणि एप्रिलपर्यंत त्यात काही फरक पडेल अशी आशा मिनेसोटातल्या आमच्या टॅमरॅक फॉल्समध्ये कुणी करत नाही.

प्लास्टर वाळायच्या आत डुलुथहून अर्डिसचा फोन आला. अर्डिस ही मार्लिसची थोरली बहीण, म्हणजे वेंडेलची मोठी मेव्हणी. तिला बातमी कुणी दिली हे कधीच कळलं नाही. अर्डिसला बातमी द्यावी लागत नाही, ती तिच्याकडे आपोआप जाते.

"मी येते," अर्डिस म्हणाली. फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "वेंडेलला अंडं उकडता येत नाही. मागे तू दवाखान्यात होतीस तेव्हा त्याने बाबांना चार दिवस पाव-लोणी घातलं."

"चांगलं होतं लोणी," हॅल्वर खुर्चीतून म्हणाले.

"हो ताई," मार्लिस म्हणाली. "बरं ताई."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अर्डिस वाईट बाई नाही. मागच्या खेपेला, मार्लिसच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी, ती दहा दिवसांसाठी आली आणि सात आठवडे राहिली. तेवढ्यात तिने सगळे खण नव्याने लावले, हॅल्वरची दुपारची कॉफी बंद केली आणि वेंडेलचं नकाशांचं टेबल तळघरात पाठवलं. हे सगळं चालून गेलं असतं. पण बत्तीस वर्षं गावची लायब्ररी सांभाळलेली मार्लिस, जिच्या नुसत्या नजरेने दांडगी पोरं गप्प बसायची, ती बहिणीपुढे दहा वर्षांची होऊन जायची. एकदा ती कपडे धुवायच्या खोलीत मशीन चालू करून रडत बसलेली वेंडेलने पाहिली होती. पाहिली, आणि दार हळूच लोटून घेतलं. त्यावर तो कधी काही बोलला नाही, पण ते दृश्य त्याच्या मनातून गेलंही नव्हतं.

म्हणून त्याने फोन हातात घेतला.

"अर्डिस, यायची गरज नाही. सहा आठवड्यांच्या जेवणाचा तक्ता तयार आहे."

तक्ता वगैरे काही नव्हता. मार्लिसने भुवया उंचावल्या.

"तक्ता?" अर्डिस म्हणाली. "बरं. महिनाअखेरच्या शनिवारी मी बघायला येते. चूल नीट चालू दिसली तर जेवून परत जाईन. नाही तर बॅग गाडीत असेलच. मग वसंतापर्यंत राहीन."

आता वेंडेलविषयी एवढंच सांगतो की तो चौतीस वर्षं जिल्ह्याच्या रस्तेखात्यात मोजणीदार होता. नकाशा असला की माणूस चुकत नाही, ही त्याची श्रद्धा. त्याने त्याच दुपारी टेबल तळघरातून वर आणलं, सहा आठवड्यांचे चौकोन आखले आणि हिशेब मांडला. बेचाळीस दिवस. एक मोठा ट्रे तीन माणसांना दोन दिवस पुरतो, म्हणजे ट्रे एकवीस. वर गोडाचे आणि कोशिंबिरीचे मिळून तीन. एकूण चोवीस. तीन दिवसांत सगळं एकदम रांधायचं, गोठवायचं आणि मग रोज फक्त ओव्हनमध्ये सरकवायचं. स्वयंपाक म्हणजे काय, शेवटी नियोजनच, असं तो मार्लिसला म्हणाला. मार्लिस एकेचाळीस वर्षं स्वयंपाक करत आली होती. ती नुसती हसली. तिने ठरवलं होतं की विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि वेंडेलने ठरवलं होतं की विचारायचं नाही.

पदार्थ ठरवायला वेळ लागला नाही. आमच्याकडे हिवाळ्यात माणूस हॉटडिशवर जगतो. खाली खिमा किंवा कोंबडी किंवा टूना, मधे डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर, आणि तासभर ओव्हन. वेंडेलने सुपाचे एकतीस डबे गाडीत घातले तेव्हा दुकानातल्या बाईने विचारलं, "कुणाकडे काही कार्य आहे का?"

"नाही," वेंडेल म्हणाला, "तक्ता आहे."

ट्रे मात्र घरात पाचच होते. उरलेले त्याने उसने आणले. सहा समोरच्या डोरीन हॉगनकडून, बाकीचे शेजारपाजारचे आणि चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरातले. हे स्वयंपाकघर डोरीनच्या हुकमतीत चालतं. तिथून एक चमचा बाहेर गेला तरी तिला झोप लागत नाही. झाकणाचे ॲल्युमिनियमचे ट्रे तिने मोजून दिले. प्रत्येकाच्या बुडाला कागदी पट्टी चिकटवलेली होती आणि तीवर मालकाचं नाव. आमच्या गावात प्रत्येक भांड्याच्या बुडाला अशी पट्टी असते. भांडी इतक्या घरांत फिरतात की त्याशिवाय ती घरी परतायची नाहीत. पट्टीवर फक्त नाव लिहायचं असतं. आत काय आहे हे कुणी लिहीत नाही, कारण डोरीनच्या ट्रेमध्ये काय असतं ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं.

वेंडेलनेही स्वतःच्या पाच ट्रेंना बुडाला व्यवस्थित 'टॉरस्टाड' अशी पट्टी लावली आणि आपण रीत सोडली नाही याचं त्याला समाधान वाटलं. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ या समाधानात होतं.

तीन दिवस घरात कांदा, सूप आणि धूर यांचं राज्य होतं. वेंडेलने बोट भाजलं, चष्म्यावर खिमा उडवला, एका ट्रेमध्ये मीठ दोनदा घातलं आणि कुठल्या ते विसरला. पण तिसऱ्या दिवशी दुपारी चोवीस ट्रे झाकणं लावून टेबलावर उभे राहिले. घोडं पेंड खातं ते इथेच. गॅरेजमधला मोठा फ्रीजर हॅल्वरच्या माशांनी आणि हरणाच्या मटणाने गच्च भरलेला होता.

"बाबा, थोडे दिवस हे मासे—"

"जावईबापू," हॅल्वर म्हणाले, "ते मासे मी पकडलेत. तुमचं सूप तुम्ही पकडलंय. ज्याने त्याने आपलं ठेवावं."

मग शेजाऱ्यांचा सल्ला आला. मागायला जावं लागलं नाही. डोरीन म्हणाली, "मागच्या ओट्यावर ठेव, मी तिथेच ठेवते." शेजारचा लायल पेकरी म्हणाला, "ओट्यावर रकून येतात, झाकणं उघडून खातात. गॅरेजमध्ये ठेव." डोरीन म्हणाली, "गॅरेज गाडीच्या उष्णतेने तापतं, पोटं बिघडतील." लायल म्हणाला, "माझं पोट वीस वर्षांत बिघडलं नाही." डोरीन म्हणाली, "तुझ्या पोटाबद्दल कुणीच विचारत नाहीये, लायल." लायलकडे बर्फ उडवण्याचं मोठं यंत्र आहे, त्यामुळे बर्फाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. तो म्हणाला, "एवढा मोठा फ्रीजर देवाने दारात उभा केलाय, आणि तुम्ही गॅरेज कसलं शोधताय?"

टॉरस्टाडांचं घर चौकात. कोपऱ्यावर लायलच्या यंत्राने केलेला बर्फाचा ढीग सात फूट उंच. वेंडेलचे डोळे चमकले. त्याने ढिगात बोगदे खणले, ट्रे ओळीने लावले, वर बर्फ थापला, नारिंगी झेंड्या रोवल्या, अग्निशामक नळापासून अंतरं मोजली आणि नकाशा काढला. 'अ-एक, मंगळवार, टूना. ब-चार, रविवार, कोंबडी आणि रानतांदूळ.' खाली प्रमाण लिहिलं आणि उत्तर दिशेचा बाणही काढला. मार्लिसने नकाशा डाव्या हाताने फ्रिजच्या दारावर लावला आणि म्हणाली, "सुंदर आहे." ते तिने मनापासून म्हटलं होतं.

त्या रात्री चौदा इंच बर्फ पडला. झेंड्या दिसेनाशा झाल्या. सकाळी नगरपालिकेचा बर्फ सारणारा नांगर रस्ता साफ करत गेला आणि जाताजाता त्याने अख्खा ढीग चार फूट आत ढकलला. नकाशा अगदी बरोबर होता, फक्त ढीग आपल्या जागेवर नव्हता.

मंगळवारी वेंडेलने अ-एकवर खणलं, तर तिथे काही नाही. चार फूट सरकून खणलं, तर एक ट्रे लागला. उलटा करून पाहिलं. बुडावर 'हॉगन' असं ठळक लिहिलेलं. झाकण गोठून चिकटलेलं, त्यामुळे आत काय आहे याचा पत्ता नाही. गोठलेला ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि तासाभराने रुबार्बच्या आंबट देठांचा साखरेत भाजलेला गोड पदार्थ बाहेर आला. तिघांनी रात्रीच्या जेवणाला गोड खाल्लं.

"टूना मऊ शिजलाय," हॅल्वर म्हणाले.

गुरुवारी खिम्याऐवजी टूना आला. शनिवारी टूना हवा होता, तेव्हा दोनदा मीठ घातलेला ट्रे निघाला. तो कुठे गेला होता ते अशा रीतीने कळलं. वेंडेल दिवसाआड फावडं घेऊन बाहेर जाई, आणि समोर डोरीनच्या खिडकीचा पडदा दर वेळी हलकेच सरके. लायलने तर येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायला सुरुवात केली, "आज काय निघणार? पैज लावतोस?" वेंडेलच्या स्वाभिमानाला फार लागलं. पण जेवण रोज मिळत होतं आणि मार्लिस रोज हसत होती. महिनाअखेर दहा दिवसांवर आली होती.

तेवढ्यात दारावर नारिंगी कागद लागला. चौकातला बर्फाचा ढीग छत्तीस इंचांहून उंच असल्याने गाडीवाल्यांना पलीकडचं दिसत नाही. अठ्ठेचाळीस तासांत उतरवा, नाहीतर नगरपालिका उचलून नेईल.

वेंडेल ताबडतोब नगरपालिकेत गेला. खिडकीमागच्या बाईने चष्मा नाकावर आणला.

"मला ढीग ठेवायची परवानगी हवी आहे," वेंडेल म्हणाला.

"ढीग काढण्याची नोटीस असते. ढीग ठेवण्याचा अर्ज नसतो."

"त्यात आमचं जेवण आहे."

बाईने पेन खाली ठेवलं. "म्हणजे साठवणीची जागा झाली. मग शेडचा अर्ज भरा." तिने कागद पुढे केला. "भिंती कशाच्या?"

"बर्फाच्या."

"छप्पर?"

"तेही बर्फाचंच."

"पाया किती खोल?"

"बाई, ते एप्रिलमध्ये वितळणार आहे."

"तात्पुरतं बांधकाम," बाईने लिहिलं. "पण अन्न आहे म्हणताय, तर आरोग्य खात्याची सही लागेल. समितीची बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी."

"पण छत्तीस इंचच का? हा आकडा आणला कुणी?" वेंडेलचा आवाज चढला.

बाईने फायलीतून नियमाची प्रत काढली. सोबत चौकाची आकृती जोडलेली होती, प्रमाणासकट आणि उत्तर दिशेच्या बाणासकट. खाली वीस वर्षांपूर्वीची सही होती. वेंडेल टॉरस्टाड, मोजणीदार.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," बाई म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे? वेंडेलने अर्जावर 'मिळाला' असा शिक्का मारून घेतला आणि टोपी खाली ओढून घरी आला.

"यंत्र लावू," लायल म्हणाला. "वरवर उडवतो, छत्तीस इंचांवर आणून ठेवतो. ट्रे खालीच आहेत ना?"

"नकाशाप्रमाणे खालीच आहेत," वेंडेल म्हणाला. नकाशावरचा त्याचा विश्वास अजून पुरता गेला नव्हता.

यंत्र सुरू झालं. दोन मिनिटं पांढऱ्या बर्फाचा सुंदर फवारा रस्त्यापलीकडे उडत होता. मग काहीतरी खडखडलं आणि फवारा हिरवा झाला. आमच्याकडे लिंबाच्या हिरव्या जेलीत किसलेलं गाजर घालतात आणि त्याला कोशिंबीर म्हणतात. ती कोशिंबीर, ट्रेच्या तुकड्यांसकट, डोरीनच्या कुंपणावर, पांढऱ्या गाडीवर आणि पुढच्या खिडकीवर जाऊन बसली आणि उणे वीसमध्ये जागच्या जागी गोठली.

डोरीन दारात आली. "वेंडेल," ती शांतपणे म्हणाली, "माझ्या खिडकीवर गाजर आहे."

लायलने यंत्र बंद केलं आणि त्याला घरी काहीतरी काम आठवलं.

खिडकी खरवडण्यात दुसरा दिवस गेला. अठ्ठेचाळीस तास संपले, आणि सोमवारी सकाळी वेंडेल मार्लिसच्या केसांना जमेल तशी पिन लावत असताना बाहेर घरघर झाली. नगरपालिकेचा लोडर आला होता. वेंडेल एका पायात बूट घालून धावला, पण तोवर रस्त्याकडचा अर्धा ढीग दोन ट्रकांत भरून गेला होता. गावचा सगळा बर्फ जत्रेच्या मैदानामागे नेऊन टाकतात. तो गावचा बर्फाचा डेपो, तिथे तीन मजली डोंगर असतो.

तो आत आला आणि खुर्चीत बसला. डझनभर ट्रे तरी गेले असणार, आणि बरेचसे लोकांचे होते. शनिवार पाच दिवसांवर होता.

"मार्लिस, मला नाही जमलं," तो म्हणाला. "अर्डिसला कळव. बॅग घेऊनच ये म्हणावं."

मार्लिसने पायाने दुसरा बूट त्याच्याकडे सरकवला. "शनिवारी तिचं ती बघेल," ती म्हणाली. "आधी दुसरा बूट घाल. आणि या पिनेची एकच बाजू लागलीये."

मंगळवार आणि बुधवार त्यांनी पाव, लोणी आणि अंड्यांवर काढले; उरलेल्या ढिगाकडे वेंडेलने पाहिलंही नाही. अंडी वेंडेलने उकडली आणि ती फुटली नाहीत. गुरुवारी तो मन घट्ट करून चर्चच्या तळघरात गेला. डोरीन कॉफीचं मोठं भांडं घासत होती. वेंडेलने टोपी काढली.

"डोरीन, ट्रेंबद्दल बोलायचं होतं."

"मीच बोलणार होते," डोरीन म्हणाली. तिचा चेहरा कधी नव्हे तो मऊ झाला होता. "तुला एवढं करायची काय गरज होती? बायकोचा हात मोडलेला, घरात म्हातारा माणूस, आणि तू प्रत्येकाचं भांडं भरून परत करतोस? माझ्या सुनेने दोनदा वाढून घेतलं."

वेंडेलला वाटलं ही टोमणा मारतेय. "मी परत केले?"

"चर्चच्या पायरीवर पाच ठेवलेले होते. माझ्या दारात दोन. पेकरींकडे, लुंडबर्गांकडे, पाद्रीबाईंकडे. सगळ्यांकडे पोचले."

उलगडा लोडर चालवणाऱ्या बडमुळे झाला. तो कॉफीसाठी आत आला होता. बर्फ ओतताना ट्रे बाहेर पडले, त्याने आणि जोडीदाराने ते गोळा केले, बुडाची नावं वाचली आणि घरी जाताना ज्याच्या त्याच्या पायरीवर ठेवून दिले. भांडं सापडलं की मालकाकडे पोचवायचं, यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटलं नाही. "दोन ट्रेंवर टॉरस्टाड होतं," बड जरा लाजून म्हणाला. "ते आम्ही नगरपालिकेच्या गॅरेजात गरम करून खाल्ले. भूक फार लागली होती. धुऊन परत देणारच होतो."

आता गप्प राहिलं असतं तर वेंडेलचं गावात नाव झालं असतं. पण मोजणीदाराला खोटं अंतर लिहिता येत नाही.

"डोरीन, मी काहीच पाठवलं नाही," तो म्हणाला. "ते सगळं माझ्या ढिगातून उचललं गेलं. तुम्ही बर्फाच्या डेपोतलं खाल्लंत."

डोरीनने भांडं घासणं थांबवलं.

"डेपोतलं," ती म्हणाली. "चांगलं होतं." आणि पुन्हा घासायला लागली. "कसं का येईना, माझं भांडं भरून आलं. ते रिकामं परत जायचं नाही. आमच्या आईने आम्हाला तसं शिकवलेलं नाही."

आणि मग सुरू झालं. गुरुवारी संध्याकाळी डोरीनकडून दोन ट्रे आले. शुक्रवारी सकाळी पेकरींचा, मग लुंडबर्गांचा, मग पाद्रीबाईंचा. बडच्या बायकोने माशांचं सूप बादलीभर पाठवलं. वेंडेल दारात उभा राहून प्रत्येकाला खरी हकीकत सांगत होता, आणि प्रत्येक जण "हो, डोरीन म्हणाली" असं म्हणून हातात ट्रे ठेवून जात होता. हॅल्वर खिडकीतून मोजत होते. "अकरा," ते म्हणाले. "जावईबापू, पुढच्या वर्षी तीस पुरा."

शनिवारी बरोबर साडेअकराला अर्डिस आली. मागच्या सीटवर बॅग दिसत होती, एक नव्हे, दोन. तिने बूट काढले, बहिणीच्या गालाला गाल लावला, बापाच्या कपातली कॉफी हुंगली आणि थेट फ्रिज उघडला. मग एकेक ट्रे उचलून बुडं वाचली.

"हॉगन. पेकरी. लुंडबर्ग. चर्च." तिने दार लावलं. "वेंडेल, हे सगळं लोकांनी दयेने दिलेलं आहे. सहा आठवडे शेजाऱ्यांच्या दयेवर काढणार आहात? तुझ्या हातचं काय आहे?"

वेंडेलच्या कानापर्यंत रक्त चढलं. तो कोट चढवून बाहेर गेला. उरलेला अर्धा ढीग पुढ्यात होता आणि आत कुठेतरी तीन-चार ट्रे होते. लायल बर्फाखालच्या तळ्यात मासे पकडायची लोखंडी पहार घेऊन आला, आणि या वेळी पैजेचं नाव त्याने काढलं नाही. डोरीन कोट न घालताच पायरीवर उभी राहिली. खिडकीत हॅल्वर, मार्लिस आणि मधे अर्डिस.

पहिल्या खड्ड्यात काही नव्हतं. दुसऱ्यात लायलचा हरवलेला हातमोजा मिळाला. तिसऱ्यात पहार टणकन वाजली. वेंडेलने ट्रे बाहेर काढला. बुडावर 'टॉरस्टाड'. वजन बरं होतं, म्हणजे गोड नव्हतं. बाकी आत काय होतं ते त्याला अर्डिसइतकंच ठाऊक होतं.

सव्वा तास ओव्हन चालू होता. अखेर वेंडेलने ट्रे टेबलावर ठेवला आणि झाकण उचललं. कोंबडी आणि रानतांदूळ. वरचा थर सोनेरी झालेला, कडांना रस उकळतोय. सगळ्या ट्रेंमध्ये हाच एक त्याने शेवटी केला होता, कांदा कसा परतायचा ते कळल्यावर.

अर्डिसने एक घास घेतला. मग दुसरा. मग ताट पुढे केलं आणि वेंडेलने पुन्हा वाढलं.

"वाईट नाही," अर्डिस म्हणाली.

मिनेसोटात यापुढे कौतुकाचा शब्द नाही. लग्नात, बारशात, नवं चर्च बांधल्यावरसुद्धा आम्ही एवढंच म्हणतो. हॅल्वरनी काटा खाली ठेवला आणि जावयाकडे प्रथमच जरा आदराने पाहिलं.

"तरी पण," अर्डिस तोंड पुसत म्हणाली, "एका ट्रेने काय होतंय? केसांच्या पिना बघ कशा लागल्यात हिच्या. बॅगा आणल्याच आहेत, मी राहते. वेंडेल, ते टेबल आधी तळघरात ने. मार्लिस, नीट बस गं, हात वर धर."

मार्लिसने हात वर धरला. सवयीनेच धरला. मग तो तिने हळूच टेबलावर ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "तू घरी जा."

वेंडेल हातात चमचा घेऊन तसाच उभा राहिला.

"काय म्हणालीस?" अर्डिसने विचारलं.

"जा म्हणाले. एप्रिलमध्ये ये, पाहुणी म्हणून ये, मी तुला करून घालीन. पण आत्ता नको. गेले तीन आठवडे मी माझ्या घरात माझ्यासारखी राहिलेय. मला टूना हवा असतो आणि रुबार्ब निघतो, आणि मी पोट दुखेपर्यंत हसते. तू असलीस की मला हसायला भीती वाटते. आणि या पिना त्याने लावल्यात, त्या अशाच राहू देत."

हे बोलताना तिचा आवाज थोडा थरथरला, पण तो लायब्ररीतला आवाज होता. अर्डिसने नॅपकिनची घडी घातली, परत उलगडली आणि पुन्हा घातली.

"भीती वाटते?" ती हळू म्हणाली. "मला वाटायचं, तुला बरं वाटतं."

"माहीत आहे ताई."

अर्डिस उठली. तिने मार्लिसच्या डोक्यावरून हात फिरवला, पिनांना न लावता. निघते निघते म्हणत दारात उभं राहून बोलण्यात आमच्या रीतीप्रमाणे तास गेला. जाताना तिने उरलेला रानतांदूळ एका डब्यात भरून मागितला, आणि वेंडेलने भरून दिला. मोटार वळून दिसेनाशी होईपर्यंत तो बाहेर उभा होता. थंडीने डोळ्यांत पाणी आलं असं तो नंतर लायलला म्हणाला. लायलने ते मानलं, पण खरं कारण थंडी नव्हतं. एकेचाळीस वर्षांत त्याला स्वतःचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता, आणि बायकोचा तर त्याहूनही जास्त वाटत होता.

आत आला तेव्हा मार्लिस डाव्या हाताने कॉफी ओतत होती. बरीचशी बशीत पडत होती.

"सोमवारी काय करू?" त्याने विचारलं.

मार्लिसने किटली खाली ठेवली आणि खुर्चीला आरामात टेकली.

"मला नको विचारू," ती म्हणाली. "तू करशील ते."